रुसवा सीडीत आहे, समजूत नाही

तात्या माझ्यावर रागावले की दोन भागांत रागवायचे. मूळ भाग अगदी आटोपशीर असे. "मॅडम, जिन्यातला दिवा दिवसभर जळत व्हता. असं बरं न्हाय." मी चूक कबूल करून जिना चढायला लागले की खालून हाक यायची, "थांबा, वरचं ऐकून जा."

वरचं म्हणजे हे रागावणं कसं तयार झालं त्याची साद्यंत हकिकत. "सकाळी दूध घ्यायला उठलो तवा दिवा बगितला. म्हनलं आत्ता बोलावं, तर तुमी कॉलेजला गेलेल्या. मग हिला म्हनलं, आज मॅडमला बोलायचं हाय. ही म्हनली, गोड बोला. मी चार वाक्यं केलती. त्यातली दोन हिनं काढाय लावली." मग ती काढून टाकलेली दोन वाक्यंही तात्या म्हणून दाखवत. ती मूळ वाक्यांपेक्षा पुष्कळ कडक असत. पण मुळात काढूनच टाकलेली असल्यामुळे त्यांचा राग मानायचा की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी मूळची नगरची. बारामतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले आणि तात्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. स्वभावाने मी घाईची. फुलाचे भाग विचारले की चार सांगावेत आणि खाली बसावं, असं मला वाटतं. पाचवा सांगणाऱ्याचे मी मार्क कापते. सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली की मी चपला शोधते. अशा बाईच्या नशिबी देवाने असा घरमालक दिला, यात देवाचा काहीतरी हेतू असणार. तो मला कळायला बरीच वर्षं लागली.

तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात, साखर शिजवण्याच्या खात्यात झाली होती. त्यांचं तत्त्वज्ञान तिथूनच आलं होतं. ते म्हणत, "साखर निगाली म्हंजी लोकांना वाटतं काम झालं. मळी कुठं जाती? उसाचा चोथा, बगॅस, कुठं जातो? मॅडम, साखर नावाला. कारखाना वरच्यावर चालतो." हाच न्याय ते भाजीबाजारात लावत. मंडईत मेथीची जुडी कशी आहे ते बघत नसत. भाजीवाली वर कोथिंबीर किती घालते ते बघत. "मेथी समद्यांचीच हिरवी असती. कोथिंबिरीवरनं मानूस कळतो."

ही नजर एकदा घरातल्या टीव्हीकडे वळली आणि तिथेच बसली. तात्यांच्या बैठकीत टीव्हीखाली व्हीसीआर, त्यावर सीडी प्लेअर, त्यावर डीव्हीडी प्लेअर अशी उतरंड होती आणि प्रत्येकावर तात्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, भरतकाम केलेला रुमाल. एकच सिनेमा ते तीनदा विकत आणत: कॅसेट, मग सीडी, मग डीव्हीडी. सिनेमासाठी नव्हे. सिनेमाच्या आगेमागे जे घातलेलं असतं त्यासाठी. नटांच्या मुलाखती, शूटिंगच्या गमती, कापलेले प्रसंग. आधीच्या प्रतीतलं काय नव्या प्रतीत आलं आणि काय गळलं, याचा ते तपास लावत. एकदा मी बरोबर असताना त्यांनी दुकानदाराला डीव्हीडी परत केली.

"ह्यात खलनायकाची मुलाखत न्हाय. सीडीत व्हती."

दुकानदार म्हणाला, "तात्या, पिक्चर तर पुरा हाय ना?"

"पिक्चर कोन बगतंय?" तात्या म्हणाले, आणि ते खरं होतं. त्या सिनेमातला मारामारीचा प्रसंग कसा चित्रित केला हे त्यांना पाठ होतं, पण परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "त्यात शेवटाला कोन मरतं वो?"

या सगळ्याचा भार पडायचा काकूंवर. काकूंचा नियम होता की तात्या जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. मला तो नियम कधीच पटला नाही आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. पण खरी पंचाईत नियमाची नव्हती, तात्यांच्या जेवणाची होती. पोटभर जेवून, ताटात पाणी ओतून झाल्यावर तात्यांचं वरचं सुरू व्हायचं. आजची वांगी कुणाकडून आणली, तो कितीला देत होता, आपण काय म्हणालो, आणि काय म्हणणार होतो पण म्हणालो नाही. काकू ताट झाकून समोर बसलेल्या असत. मी एकदा जिन्यातूनच ओरडले, "काकू, तुम्ही जेवून घ्या हो!" त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांचं वरचं हुं द्या."

आता तात्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या प्रकरणाकडे येते. ते मी या घरात येण्याच्या आधीचं आहे, पण मी ते इतक्यांदा ऐकलंय की त्या मांडवात मीही हजर होते असं मला वाटतं.

काकूंचं माहेर सणसरचं. ऊस, विहीर, बैल, ट्रॅक्टर, सगळं जिथल्या तिथे. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. तात्या त्या घरचे जावई. मांडवात माइकवर एकेक नाव पुकारून जावयांना फेटे बांधले जात होते. तात्यांचं नाव पुकारलं गेलं, पण त्याच वेळी बँड वाजला. नाव ऐकू आलं नाही आणि रांगेत सहज उभ्या असलेल्या मांडववाल्याच्या डोक्याला तात्यांचा फेटा बांधला गेला. मांडववाल्याला वाटलं, काम चांगलं झालं म्हणून सत्कार असावा. तो हात जोडून खाली उतरला.

तात्या रुसले. जावयाने रुसायचंच असतं, त्यात काही नवल नाही. पण रुसण्यातही तात्यांचे नियम होते. "रुसावं ते हाकेच्या अंतरावर रुसावं. लांब गेलं तर लोकं इसरत्यात, जवळ ऱ्हायलं तर कुनाला कळत न्हाय." म्हणून ते मांडवासमोरच उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत जाऊन, पंगतीकडे पाठ करून बसले. दिवसभर जेवले नाहीत. उन्हं कलल्यावर, मुलीची पाठवणी झाल्यावर, आबा स्वतः ट्रॉलीत चढले. स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी तात्यांना बांधला, हात जोडले आणि जिलेबीचा घास भरवला. रुसवा निघाला. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे.

या लग्नाचं शूटिंग केलं होतं इंदापूरच्या शकीलभाईने. तेव्हा आपल्याकडे लग्नाची कॅसेट तीन तासांची असे आणि गिऱ्हाईकाचा आग्रह असे की ती भरून मिळाली पाहिजे. लग्न अडीच तासांत संपलं तर उरलेली फीत कोरी द्यायची नाही. माप भरून द्यायचं. त्यामुळे पाठवणीनंतर शकीलभाई कॅमेरा घेऊन शेतात हिंडायचा. नवा ट्रॅक्टर, बैलजोडी, विहिरीवरची मोटर चालू करून पडणारं पाणी, भांडी घासणारे आचारी. यालाच सगळ्या तालुक्यात "वरचं" म्हणत. लोक लग्नाची कॅसेट लावली की मंगलाष्टकं पुढे पळवत आणि वरच्यावर येऊन थांबत. तात्यांचा शब्दही तिथूनच आला होता. तर तात्यांचा रुसवा पंगतीच्या भागात आला, म्हणजे मूळ लग्नात, आणि आबांनी काढलेली समजूत आली पाठवणीनंतर, म्हणजे वरच्यात.

कॅसेट पहिल्यांदा लावली ती सणसरला, आबांच्या घरी, सगळ्या भावकीसमोर. समजुतीचा प्रसंग संपला आणि लाईट गेली. बाकीचं राहिलं ते राहिलंच. पण समजूत सगळ्यांनी पाहिली होती, तात्या खूश होते, आबा खूश होते.

मग सीडी आली. आबांच्या मुलाने कॅसेटवरून सीडी करून घेतल्या आणि भावकीत घरटी एक वाटली. लग्न दोन सीडींत बसत होतं. वरचं घालायचं तर तिसरी लागली असती, म्हणून शकीलभाईने पाठवणीवर एक उडतं हृदय टाकलं, "शुभं भवतु" लिहिलं आणि काम संपवलं. सीडीच्या प्रतीत तात्या पंगतीकडे पाठ करून ट्रॉलीत बसलेले दिसत. कॅमेरा त्यांच्याजवळ जाई, ते तोंड फिरवत. मग मुलगी रडत गाडीत बसे आणि हृदय उडे.

तात्यांनी ती सीडी पुन्हा पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "म्हंजी आमी अजून रुसलेलोच हाय."

काकूंना वाटलं, गंमत करतात. पण तात्या गंमत करत नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कॅसेट एक, ती आबांच्या कपाटात. सीडी घराघरांत. नव्या सुना, नवे जावई, शेजारपाजारचे लोक सीडीच बघणार. त्यांच्या लेखी समजूत झालेलीच नाही. मग हा माणूस रुसलेला असताना त्याच घरी जाऊन जेवतो, याला काय म्हणायचं? लाज नसलेला! तेव्हा समजूत सीडीत येईपर्यंत सणसरला पाऊल टाकायचं नाही.

आणि लोकांनीही त्यांना खोटं पाडलं नाही. भावकीतली पोरं तात्यांना "ट्रॉलीतलं आजोबा" म्हणून ओळखायला लागली. कुणी बाजारात भेटला तर आधी विचारी, "निगाला का वो रुसवा?"

आबाही काही कमी नव्हते. त्यांना निरोप गेला तेव्हा ते म्हणाले, "समजूत एकदाच असती. म्या काढली. मांडवाम्होरं फेटा उतरवून काढली. ती सीडीत न्हाय ह्यात माजा काय गुना?" पुन्हा समजूत काढायला ते येणार नव्हते. पुन्हा काढली तर पहिली खोटी ठरते, हा त्यांचा मुद्दा. खरं सांगायचं तर मला तो बिनतोड वाटला. तात्यांचाही बिनतोड वाटायचा. दोन बिनतोड माणसांच्या मधे काकू होत्या.

काकू एकट्या सणसरला जात. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. एका भाऊबीजेला त्या मलाही घेऊन गेल्या. आबांच्या घरी दोन पाट मांडले होते, रांगोळीसकट. एक काकूंचा, एक तात्यांचा. तात्यांच्या पाटावर कुणी बसलं नाही. वाढप्या मात्र त्या पाटासमोरच्या ताटातही वाढून गेला. काकू जेवताना त्या ताटाकडे बघत नव्हत्या. इतकी मूर्ख गोष्ट आणि इतकी खरी, अशी मी दुसरी पाहिलेली नाही.

मी त्या घरात राहत असतानाच डीव्हीडी आली. शकीलभाईने फोन करून सांगितलं, "तात्या, डीव्हीडीत जागाच जागा हाय. समदं बसतं. वरच्याचं बटनच करतो." डीव्हीडी हातात आली त्या दिवशी तात्यांनी दाढी केली, नवा सदरा घातला आणि मला खाली बोलावलं. डीव्हीडी लागली. गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या आणि त्यातून यादी उगवली: मंगलाष्टके, पंगत, पाठवणी, आणि खाली, सोनेरी अक्षरांत, वरचं.

तात्यांनी रिमोट काकूंच्या हातात दिला. "तू दाब. तुजं म्हायेर हाय."

काकूंनी बटण दाबलं. पडद्यावर बर्फाचे डोंगर आले, त्यांच्यासमोर कोट घातलेला शकीलभाई आला आणि म्हणाला, "लग्न, बारसं, वास्तुशांती, निवडनुकीची मिरवनूक. इंदापूर एसटी स्टँडसमोर." मग परत गुलाबाच्या पाकळ्या.

तात्यांनी शकीलभाईला फोन लावला. मूळ रागावणं लगेच झालं. वरचं बराच वेळ चाललं. त्यातून एवढंच निष्पन्न झालं की शकीलभाईने डीव्हीडी केली होती ती सीडीवरून. "सीडीत जे न्हाय ते डीव्हीडीत कुठनं आनू? मला मूळ कॅसेट द्या, तात्या. मग बगा."

मूळ कॅसेट आबांच्या कपाटात. आबांकडे निरोप गेला. आबांचा निरोप आला: जावयाची वस्तू जावयाच्याच हातात देईन, दुसऱ्याच्या न्हाय, स्वतः येऊन न्यावी. तात्यांचा निरोप गेला: समजूत डीव्हीडीत आल्याबिगर मी येत न्हाय. म्हणजे कॅसेट आणायला सणसरला जायला हवं, आणि सणसरला जायचं तर कॅसेट आधी आणायला हवी. मी हे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. ते चहा पिता पिता थांबले आणि म्हणाले, "आमच्या पुस्तकात याला उत्तर नाही."

मीही एकदा मध्यस्थीला जाऊन आले. आबांनी मला उसाचा रस पाजला, गुळाची ढेप दिली, वांगी दिली, गाडीत घालायला दोन नारळ दिले. कॅसेट दिली नाही.

पुढे मी गावातच फ्लॅट घेतला आणि तात्यांचं घर सोडलं. जाणं-येणं राहिलं. कॅसेट गेली, सीडी गेली, डीव्हीडीही गेली. लोक लग्नं फोनवर बघायला लागले. आबांच्या नातवाने सगळं लग्न फोनवर टाकून भावकीच्या ग्रुपवर पाठवलं. अर्थातच डीव्हीडीवरून. त्यात तर शकीलभाईची जाहिरातही गळली होती. तात्यांना त्याचंही वाईट वाटलं. "कायबी असो, वरचं व्हतं ते."

मागच्या वर्षी आबांच्या नातीचं लग्न ठरलं. मांडव सणसरलाच. पत्रिका आली, तिच्यात जावई म्हणून तात्यांचं नाव पहिलं छापलं होतं. मी त्या दिवशी सहज गेले होते. तात्या पत्रिका उलटीपालटी करून म्हणाले, "तू जाऊन ये."

काकू भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मीबी जानार न्हाय."

"का?"

"एकटी लई येळा गेले. आता गुडगं चालत न्हाईत. ह्या लग्नात तुमी न्हाय तर मी न्हाय. आन् आबा इचारतील तर सांगा, ती सीडीत न्हाय म्हनून."

हे एवढं बोलून त्यांनी भाजी निवडली, देठ वेगळे केले आणि आत गेल्या. तात्या माझ्याकडे बघत राहिले. काकूंचा भाऊ पंच्याहत्तरीच्या पुढे गेला होता. यानंतर त्या घरात दुसरं लग्न कधी निघणार आणि तेव्हा कोण असणार, हे तात्यांनाही कळत होतं. त्या दिवशी ते जेवले आणि वरचं न सांगता उठले. या घरात मी असं पहिल्यांदा पाहिलं.

तोडगा मीच काढला, घाईतच. सणसर नको, बारामती नको. इंदापूर. शकीलभाईचं दुकान. आबांनी कॅसेट स्वतःच्या हाताने आणावी, स्वतःच्या हाताने लावावी. तात्यांनी तिथे बघावी. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. इंदापूरला लोक तहसिलीत तारखेला जातात, तसे आम्ही माझ्या गाडीतून निघालो. तात्या पुढे, काकू मागे, आणि काकूंच्या मांडीवर डबा, कारण वेळ किती लागेल सांगता येत नव्हतं.

आबा आधीच येऊन बसले होते. कॅसेट एका फेट्यात गुंडाळून पोटाशी धरली होती. तात्या त्यांच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले, ट्रॉलीत बसले होते तसेच. शकीलभाईचे केस आता पांढरे झाले होते. त्याने माळ्यावरून व्हीसीआर काढला, स्पिरिटने हेड पुसलं, कॅसेटची बुरशी पुसली, बिस्मिल्ला म्हटलं आणि आबांना खूण केली. आबांनी कॅसेट आत ढकलली.

लग्न पळवलं. पाठवणी पळवली. आणि मग आली ट्रॉली. आडव्या रेघांतून तरुण आबा चढले, फेटा काढला, बांधला. तरुण तात्यांनी जिलेबी खाल्ली आणि हसले.

म्हातारे आबा म्हणाले, "बगा. काढली व्हती का न्हाय?"

म्हातारे तात्या वळून म्हणाले, "मी कुठं म्हनलो काढली न्हवती? सीडीत न्हाय म्हनलो."

"मग झालं तर."

"झालं."

इतकी वर्षं चाललेलं प्रकरण एवढ्यावर मिटलं. आबा उठले, मी गाडीची किल्ली काढली. पण तात्या जागचे हलले नाहीत. "बसा. ह्याच्या म्होरं लाईट गेलती. म्होरचं कुनीच बगितलेलं न्हाय." वरचं शेवटपर्यंत बघायचं, हा त्यांचा धर्म होता. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावून पुन्हा बसले.

ट्रॅक्टर आला. बैलजोडी आली. मोटर चालू झाली आणि पाणी पडलं. मग रिकामा मांडव आला, भांडी घासणारे आचारी आले, आणि मांडवाच्या टोकाला एक तरुण बाई एकटीच पत्रावळीवर जेवताना दिसली. कॅमेरा जवळ गेला. तिने पटकन पदर तोंडाला लावला. त्या काकू होत्या.

कॅमेऱ्यामागून शकीलभाईचा तरुण आवाज आला, "वहिनी, आत्ता जेवताय? दिवस बुडाला की."

तरुण काकू हसत म्हणाल्या, "ते रुसलेले, मी कशी जेवू? नवरा ट्रॉलीत, भाऊ मांडवात. दिवसभर हिकडनं तिकडं दोगांची समजूत काढतीय. मला बी रुसायचं व्हतं, पर माजी समजूत काढायला कोनच मोकळं न्हवतं." आणि मग, घास घेत, "जिलेबी संपली वाटतं? असू दे."

फीत संपली. पडद्यावर मुंग्या आल्या.

मला काकूंकडे बघवेना आणि तात्यांकडे तर मुळीच नाही. इतकी वर्षं तात्या आणि आबा समजुतीवरून अडून बसले होते, आणि ती काढणारी बाई त्याच फितीत पुढे उपाशी बसलेली होती. शेवटी काकूच म्हणाल्या, "व्हय, संपलीच व्हती जिलेबी. डाळ बी गार झालती. चला आता, डबा सोडू का?"

लग्नाला तात्या गेले. मीही गेले. शकीलभाई शूटिंगला होता. आता त्याच्याकडे उडणारा कॅमेरा होता. माइकवर सगळ्यात आधी तात्यांचं नाव पुकारलं. त्यासाठी आबांनी बँड बंद ठेवला होता. फेटा बांधला गेला, फोटो झाला, आणि पंगत बसायच्या वेळी तात्या दिसेनात.

मांडवात कुजबुज पसरली. कुणीतरी म्हणालं, "रुसलं वाटतं." पोरं आधी ट्रॉलीकडे धावली. ट्रॉली रिकामी होती. आबांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला, उसासा टाकला आणि समजूत काढायच्या तयारीने उठले.

तात्या आचाऱ्यांकडून आले. हातात जिलेबीने भरलेलं ताट. मांडवभर बायकांत शोधत शोधत ते काकूंपाशी गेले, त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत, सगळ्यांच्या समोर बसवलं, ताट पुढे ठेवलं आणि स्वतः समोर मांडी घालून बसले. स्वतःसाठी पत्रावळ घेतली नाही.

"आवो, तुमी?" काकू म्हणाल्या.

"तू जेव. मी मागनं."

सगळी पंगत बघत होती. काकू लाजल्या, मग त्यांनी पहिली जिलेबी मोडली. उडणारा कॅमेरा भिरभिरत खाली आला, मागून शकीलभाई धावत आला. "तात्या, झ्याक! हे वरच्यात घालतो."

तात्या इतक्या जोरात ओरडले की वाढपी थांबले. "वरच्यात न्हाय! हे मदी घाल. मंगलाष्टकांच्या शेजारी घाल. कुठलीबी प्रत काढा, हे गळता कामा नये."

काकू सावकाश जेवल्या. भात दोनदा घेतला, मठ्ठा मागून घेतला. मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीची घाई वाटली नाही. शेवटी त्यांनी हात धुतला, पदराला पुसला. तात्यांची भूक एव्हाना चेहऱ्यावर आली होती. ते पत्रावळ ओढायला वाकले, तेवढ्यात काकू म्हणाल्या,

"थांबा. माजं वरचं हाय अजून."

आणि त्या सांगू लागल्या. तात्या पत्रावळ मांडीवर धरून ऐकत बसले.